दुसऱ्या पोटातले कण

जेवणानंतर, पाण्याबरोबर, अख्खी गिळावी

कोंबडीनं अंडं घातलं की वैजयंती आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढायची.

कोंबडी म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा पांढरा डबा. कर्करोग केंद्रानं दिलेला. सकाळची न्याहारी झाली आणि अंगठा टेकवला की तो आतल्या आत थोडा गुरगुरायचा आणि टक् असा आवाज करून खालच्या वाटीत एक गोळी टाकायचा. शेंदरी रंगाची, करवंदाएवढी. नाव महावीरनं ठेवलेलं. "जैनाच्या घरात कोंबडी आली बघ," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "आणि रोज एक अंडं खायचं म्हणे. वरनं डॉक्टरची चिठ्ठी." वैजयंती तेव्हा पोट धरून हसली होती. त्याला दोन वर्षं झाली. विनोद शिळा झाला, नाव राहिलं.

डाव्या बाजूचा स्तन काढून टाकल्यावर सगळं संपलं असं सगळ्यांना वाटलं होतं. मग रोग कमरेच्या हाडात सापडला. पूर्वी अशा बाईला महिन्यातून दोनदा खाटेवर पडून सलाईनमधून औषध घ्यावं लागायचं. आता गोळी निघाली होती. दवाखान्यात जायला नको. फक्त दवाखाना घरी येऊन बसला होता, आणि तो पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नव्हता.

गोळी थरांची होती, कांद्यासारखी. (कांदा या घरात येत नसे, पण माहीत सगळ्यांना असतो.) प्रत्येक थरात खसखशीएवढे काही कण पेरलेले. शाळेत लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसून इवलासा दिवा लावतात, तोच खेळ इथं होता. कणाच्या दोन बाजूंना दोन वेगळे धातू. पोटातलं आम्ल लागलं की कणात वीज जागी व्हायची आणि तो आपला एक ठरलेला सूर लावायचा. हा सूर हवेतून जात नाही. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, त्या पाण्यातून तो जातो आणि कातडीला टेकलेल्या पट्ट्याला ऐकू येतो. आधी बाहेरच्या थरातले कण गाणार, मग मधले, शेवटी गाभ्यातले. सकाळी गिळलेली गोळी दुपारपर्यंत हळूहळू विरघळत जायची. केंद्रात बसलेल्या यंत्राला सुरांच्या क्रमावरून कळायचं की गोळी अख्खी पोटात गेली, वेळेवर गेली, नीट उलगडली. मग ते उद्याच्या गोळीची ताकद ठरवायचं.

माणसांच्या भरवशावर काही ठेवायचं नाही, ही त्यामागची कल्पना. माणसं विसरतात. माणसं गोळी उशीखाली ठेवतात. माणसं विचारल्यावर "घेतली" म्हणतात.

एक अडचण मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कोंबडी अंगठ्याचा ठसा बघून उघडायची, आणि औषध असं होतं की त्यानं हातापायांची कातडी सोलून निघायची. मागच्या उन्हाळ्यात वैजयंतीच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या. बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली. एके सकाळी कोंबडीनं तिला ओळखलंच नाही. तिनं दहा वेळा अंगठा लावला, पुसला, पुन्हा लावला. शेवटी केंद्रानं महावीरचा अंगठा नोंदवून घेतला.

तेव्हापासून गोळी तिची आणि किल्ली त्याची.

गरोदर व स्तनदा महिलांनी हात लावू नये

"पहिलं बाळंतपण आईकडेच," वैजयंतीची लेक अन्विता म्हणाली.

जावई प्रणित भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "औषधाचं विचारून घे."

विचारून घेतलं. केंद्रातल्या औषधतज्ज्ञ मुल्ला मॅडम स्वतः घर बघायला आल्या. वैजयंतीचं न्हाणीघर वेगळं असलं पाहिजे, तिचे कपडे वेगळे धुतले पाहिजेत, वाटीतली गोळी तिच्याशिवाय कुणी उचलायची नाही. महावीरनंसुद्धा वाटीच पुढं करायची. मॅडमनी ओट्यावर मधोमध लाल चिकटपट्टी मारली. पट्टीच्या डाव्या अंगाला कोंबडी, उजव्या अंगाला बाळंतिणीचं आणि बाळाचं सामान.

"अनू, ही रेषा तू ओलांडायची नाहीस," मॅडम अन्विताला म्हणाल्या.

"लक्ष्मणरेषाच की," महावीर म्हणाला.

"त्या रेषेच्या आत बाई होती. इथं बाईला बाहेर ठेवायचंय," मॅडम म्हणाल्या. मग वैजयंतीकडं वळल्या. "आणि वैजूताई, तोंड आलं, जुलाब लागले, ताप आला, तर त्याच दिवशी फोन. दुसऱ्या दिवशी नाही. गोळी चार-आठ दिवस थांबवली तर काही बिघडत नाही. लपवलं तर बिघडतं."

"नाही हो, लपवायचं काय त्यात?" वैजयंती म्हणाली.

तिला त्या वेळी तसंच वाटत होतं.

चावू नये, तोडू नये, कुटू नये

बाळ आलं आणि त्याच आठवड्यात वैजयंतीचं तोंड आलं.

आधी जिभेच्या कडेला एक फोड. मग गालाच्या आत. मग घशापर्यंत. दूधभातसुद्धा मिरचीसारखा झोंबायचा. सकाळी कोंबडी टक् करायची आणि वाटीतली ती शेंदरी गोळी वैजयंतीला रस्त्यातल्या दगडाएवढी दिसायची. एकदा गिळताना गोळी घशात अडकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आतल्या खोलीतून अन्विता ओरडली, "आई, काय झालं गं?"

"ठसका!"

फोन करायला हवा होता, हे तिला ठाऊक होतं. फोन केला की काय होणार हेही ठाऊक होतं. केंद्राच्या आवारात औषधघर नावाची एक इमारत होती. ज्यांचं घरी नीट जमत नाही त्यांना तिथं नेत, आणि नर्सच्या देखत गोळी देत. तिथं तान्ह्या बाळांना बंदी. किती दिवस ठेवतील, कुणी सांगत नसे. मागच्या वर्षी ओळखीतली एक बाई गेली होती, ती दोन महिन्यांनी परत आली.

सव्वा महिना. एवढाच तिला हवा होता. लेकीचा सव्वा महिना हातावेगळा झाला की मग औषधघरात ठेवा नाहीतर आणखी कुठं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याइतका जोर तिच्यात नव्हता. त्याला तेल लावायला सोललेले हात चालणार नव्हते. पण ती कोचावर बसून अंघोळीला येणारी बाई बाळाला कशी न्हाऊ घालते ते बघायची, "मानेखाली हात धर गं" म्हणायची, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ थोडा वेळ मांडीवर घ्यायची आणि दमून जायची. एवढं दमणं तिला आयुष्यात कधी आवडलं नव्हतं.

"अहो, कुटून द्या."

"कुटू नये लिहिलंय त्याच्यावर."

"लिहिणाऱ्याचं तोंड आलं होतं का?"

महावीरचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, चाळीस वर्षं. जळालेली मोटर बघून तो सांगायचा की शेतकऱ्यानं काय केलं असेल. सूचना न वाचणाऱ्या माणसांवर त्याचं पोट चाललं होतं. तरी बायकोच्या ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त बघून त्यानं रबरी हातमोजे घातले आणि खलबत्ता काढला.

गार दुधात कालवलेली पूड ती डोळे मिटून प्यायली. कडू जहर. पण गेली.

तासाभरानं कोंबडीच्या तोंडावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

*सर्व कण एकदम ऐकू आले. आपण काही गरम प्यायलात का?*

वैजयंतीनं 'हो' दाबलं.

*काही कण ऐकू आले नाहीत. पट्टा सैल झाला आहे का?*

हो.

*धन्यवाद. काळजी घ्या.*

यंत्र विहिणीसारखं होतं. मनात काय होतं कोण जाणे, पण तोंडावर सगळं मान्य करायचं.

पुढं ती रोज कुटलेली गोळी प्यायली, आणि रोज तोंड जास्त आलं. यातलं गणित तिच्या लक्षात आलं नाही. थर मोडले की दुपारपर्यंत झिरपायचं औषध धरणाची सगळी दारं एकदम उघडावीत तसं अंगात यायचं. ते तोंड सोलायचं. तोंड सोललं म्हणून गोळी कुटायची, कुटली म्हणून तोंड सोलायचं.

मुलांच्या हाती लागू देऊ नये

अन्विताचीही एक चोरी होती.

बाळगुटी पुन्हा चलनात आली होती. तिच्या पुण्याच्या मैत्रिणी सगळ्या देत होत्या. बाळाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंबसुद्धा नको. अन्वितानं "हो डॉक्टर" म्हटलं आणि घरी येऊन सहाण शोधली. मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ. संध्याकाळी बाळ पोट आवळून रडायचं, तेव्हा ती सहाणेवर अंगावरचं दूध पिळून एकेक वळसा उगाळायची आणि बोटानं चाटवायची. मध नाही, मध या घरात चालत नव्हता.

"प्रणितला सांगू नकोस हं आई."

"मी कशाला सांगते? जायफळ अर्धाच वळसा. झोपून राहील नाहीतर दिवसभर."

आईला लेकीची चोरी माहीत होती, लेकीला आईची नव्हती. असंच असतं.

बाळाच्या घोट्याला एक मऊ पट्टा होता. आता सगळ्याच बाळांना बांधतात. श्वास, ठोके, झोप, सगळं फोनवर. एका संध्याकाळी अन्विता फोन नाचवत बाहेर आली.

"आई, हे बघ गंमत. सोन्याच्या पोटात कुणीतरी गातंय."

पडद्यावर लिहिलं होतं, *अनोळखी सूर. काळजीचे कारण नाही.* खाली एक नक्षी होती. कंगव्याच्या दातांसारख्या बारीक उभ्या रेघा, मध्ये खंड, पुन्हा रेघा.

"पट्टा खराब असेल," अन्विता म्हणाली. "या कंपनीचं काही धड नसतं. बदलून घेते."

वैजयंतीनं फोन हातात घेतला नाही. तो कंगवा ती दोन वर्षं कोंबडीच्या पडद्यावर बघत आली होती.

पण लगेच तिला धीरही आला. मुल्ला मॅडम एकदा गमतीनं म्हणाल्या होत्या, पट्टा लावलेल्या दोघांनी हात धरले तर एकाचा सूर दुसऱ्याच्या पट्ट्यात जातो. कातडीतून कातडीत. मग झालं तर. बाळ मघाशी तिच्या मांडीवर होतं, तिच्या दंडाला त्याची टाच लागली होती. सूर तिच्याच पोटातला. तिच्याकडून त्याच्याकडं नुसता ऐकू गेलेला.

पण सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत गात नाही.

हे दुसरं वाक्य तिनं मनातल्या मनात खाली दाबलं. पोट मंद झालं असेल, म्हटलं तिनं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला घेतलंच नाही. "पाठ धरलीय," म्हणाली. दाराशी बसून लांबूनच बघितलं. ते दुपट्यात हातपाय झाडत होतं, जांभया देत होतं. दिवस जाता जात नव्हता. संध्याकाळी अन्वितानं गुटी चाटवली. वैजयंती फोनकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं कंगवा उमटला.

(हे पत्रकात नाही)

"अहो, गोळी कशात कुटता?"

"का गं?"

"सांगा आधी."

"खलबत्त्यातच कुटत होतो. पण बाळ दचकायला लागलं. अनूसुद्धा म्हणाली, बाबा सकाळी सकाळी काय ठोकता? म्हटलं, विचारेल ती एखाद दिवशी. मग उगाळायला लागलो."

"कशावर?"

"सहाणेवर की. आहेच घरात. आवाज नाही, काही नाही. गंध होतो मऊसूत. ती उठायच्या आत आणतो, झालं की ठेवून येतो जागेवर. रेषेपलीकडं. तिला पत्ता नाही."

"धुता?"

"म्हणजे काय! दोनदा पाण्यानं धुतो, पालथी घालतो."

"साबणानं?"

"सहाण कुणी साबणानं धुतं का, वैजू? तुझ्या सासूनं कधी लावू दिला असता?"

"अहो, अनू त्याच्यावर गुटी उगाळते. रोज."

"मला काय माहीत? मला वाटलं गुटी बाटलीत मिळते आता. वैजू. मला काय माहीत गं?"

डोस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये

महावीर बराच वेळ पट्टीच्या दोन्ही बाजूंकडं आळीपाळीनं बघत उभा राहिला. मग त्याला मोटर जळाली की सुचायचं तसं भराभर सुचायला लागलं.

"सहाण मी आत्ता कृष्णेत टाकून येतो. उद्या नवी आणतो. अनूला म्हणू, फुटली. बाळ चांगलं आहे ना? दूध पितं, खेळतं. दगडाच्या भोकांत राहून राहून किती राहणार? कणभर."

"कणभर पुरतं म्हणून तर रेषा मारली होती."

"सांगून काय होणार ते सांग. प्रणित आज रात्री गाडी घेऊन येईल. केंद्रवाले तुला उचलून नेतील. बारसं व्हायचंय अजून. तुझं काय राहील मग इथं? मी आणि ती कोंबडी."

त्याचं काही खोटं नव्हतं. वैजयंती पाटावर बसली. तिला सगळ्याचाच कंटाळा आला होता: गोळीचा, पट्ट्याचा, स्वतःच्या सोललेल्या जिभेचा, सगळ्यांचं बरं बघण्याचा. गप्प बसायला काही करावं लागत नाही, ही त्यातली सर्वांत मोठी सोय होती. बोलायचं तर उठावं लागणार होतं.

ती बसून राहिली. आतून बाळाचा आवाज येत होता. रडणं नव्हे, नुसता आवाज, स्वतःशीच लावलेला.

मुल्ला मॅडमनी पहिल्या भेटीत औषध कसं चालतं ते सांगितलं होतं. या औषधाला रोग ओळखता येत नाही, त्या म्हणाल्या होत्या. त्याला एवढंच कळतं की कोण भराभर वाढतंय. ज्या पेशी घाईघाईनं दोनाच्या चार होतात त्यांना ते गाठतं. रोगाच्या पेशी तशा असतात. तोंडाच्या आतल्या कातडीच्या, हातापायांच्या, केसांच्यासुद्धा तशाच. म्हणून त्या बिचाऱ्या उगाच मारल्या जातात.

वैजयंतीच्या मनात आलं, आणि मग ते जाईना: या घरात सगळ्यात भराभर कोण वाढतंय?

ती भिंतीला धरून उठली.

"वैजू," महावीर म्हणाला. "उद्या सांग. सकाळी. एक रात्र."

"दुसऱ्या दिवशी नाही म्हणाल्या होत्या मॅडम."

अन्विता बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. खोलीत वेखंडाचा आणि दुधाचा वास. वैजयंती दारातच थांबली.

"अनू, त्या पट्ट्यातला सूर माझ्या गोळीचा आहे."

"हो का? मला वाटलंच, तू मांडीवर घेतेस तेव्हा—"

"आज मी घेतलं नाही त्याला."

थोपटणारा हात थांबला.

वैजयंतीनं सगळं सांगितलं. तोंड आल्यापासून. महावीरचं नाव न घेता सांगायला गेली, ते जमलं नाही. मध्येच अन्वितानं बाळाला खांद्यावरून उतरवून छातीशी घेतलं, त्याचं तोंड उघडून आत बघितलं, जणू तिथं काही दिसणार होतं.

"किती दिवस?"

"आठवडा झाला असेल. जास्तच."

"मला म्हणायचंस, अनू, गिळवत नाही. मी काय केलं असतं? चार दिवस तू तिकडं गेली असतीस. चार दिवस, आई! मी काय मेले असते का तुझ्यावाचून?"

"मला इथं राहायचं होतं."

"हो. तुला." अन्विताचा आवाज खाली आला. "आणि मी चाटवत होते. माझ्या बोटानं. डॉक्टर नको म्हणत असताना." तिनं ते बोट डोळ्यांसमोर धरलं. वैजयंती तिच्या दिशेनं सरकली.

"तू नको येऊस जवळ."

अन्विता चिडून बोलली नाही. लाल पट्टीवर लिहावं तसं सरळ बोलली.

फोन वैजयंतीनंच केला. मुल्ला मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बाळाचं वजन विचारलं, ताप आहे का विचारलं, शेवटची गुटी कधी दिली विचारलं. मग म्हणाल्या, "बाळाला घेऊन निघा. सहाण कुणी हात न लावता पिशवीत घाला, तीही आणा. आणि वैजूताई, तुमची बॅग भरा."

शंका असल्यास केंद्राशी संपर्क साधावा

बाळाच्या रक्तात औषध सापडलं. अगदी थोडं, पण सापडलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. काचेच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक भरून येईल. बहुतेक हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. यापूर्वी कुणा तान्ह्या बाळानं हे औषध घेतलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्याकडं दुसरा शब्द नव्हता.

प्रणित आला. वैजयंतीची इच्छा होती की त्यानं ओरडावं. तो रुग्णालयातल्या मुलांच्या विभागात आला, बायकोशेजारी बसला, बाळाची दुपटी एकावर एक नीट घडी करून ठेवली. जाताना काचेपलीकडून म्हणाला, "आई, तुम्ही बऱ्या व्हा आधी." पुढं कितीतरी दिवस ते वाक्य तिच्या तोंडातल्या फोडांपेक्षा जास्त झोंबलं.

बाळ बरं झालं, म्हणजे घरी सोडण्याइतकं. अन्विता त्याला घेऊन थेट कोल्हापूरला सासरी गेली. बारसं तिकडं झालं. फोटो महावीरच्या फोनवर आले.

औषधघरात वैजयंतीला खिडकीजवळची खाट मिळाली. मुल्ला मॅडमनी तिची गोळी थांबवली. तोंड धुवायला गुळण्यांचं औषध दिलं, गार दही दिलं, बाकी काही केलं नाही. आठवड्यात तोंड बरं झालं. गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी कमी ताकदीची, आकारानं लहान. गिळली. गेली.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच होतं," मॅडम म्हणाल्या.

"आठ दिवस?"

मॅडमनी खुर्ची ओढली, बसल्या. त्यांच्याकडं बघून कळत होतं की त्याही दमलेल्या आहेत. "आम्ही कणांत सूर घातले, डब्याला डोळे दिले," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही गरम प्यायलात का, असं यंत्रानं विचारलं. गिळताना दुखतंय का, असं विचारलंच नाही. आता ते घातलंय."

"विचारलं असतं तरी मी 'नाही' दाबलं असतं."

"ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आता आम्ही फोन करणार. माणसानं माणसाला."

महावीर रोज दुपारी यायचा. मिरजेत उन्हाळ्यात दुपारी दुकानं बंद ठेवायचा नियम होता, त्यामुळं त्याला दुसरं काम नसायचं. तो सफरचंद कापायचा आणि स्वतःच खायचा. सहाणेचा विषय दोघंही काढत नसत. एकदाच तो म्हणाला, "आवाज होऊ दिला असता तर बरं झालं असतं." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अन्विताचे निरोप यायचे. तपासणीचे आकडे, एका ओळीत. खाली नाव नाही, आई अशी हाक नाही. वैजयंती आकडा वाचायची, मागच्यापेक्षा वर आहे का बघायची, 'बरं' असं लिहून पाठवायची. त्याहून जास्त लिहायला ती फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची.

सव्वा महिना होऊन गेला.

मग एका सकाळी फोन वाजला. निरोप नव्हे, फोन, आणि पडद्यावर चेहऱ्याऐवजी न्हाणीघराची फरशी. फोन बादलीला टेकवून ठेवला होता. अन्विता पाटावर बसली होती, पाय लांब केलेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि हातात उघडं बाळ.

"आई, अंघोळ घालणाऱ्या बाई आज येणार नाहीत. मलाच घालायचीय." तिनं पडद्याकडं बघितलं नाही. "पालथा घातला की घसरतो. कसा धरायचा?"

"पायांत फट ठेवू नकोस."

"नाहीये फट."

"दिसतेय मला. थांब."

वैजयंती खाटेवरून उतरली. नर्स "ताई, काय हवंय?" म्हणाली, तिच्याकडं तिनं लक्ष दिलं नाही. गार फरशीवर बसली. पाय सरळ केले, आधी एक, मग दुसरा, तळव्यांच्या भेगा ताणल्या गेल्या तसे दात आवळले. खाटेवरचा टॉवेल ओढून त्याची गुंडाळी केली आणि ती दोन्ही पायांवर पालथी घातली. फोन महावीरची पाण्याची बाटली होती तिला टेकवला.

"आता बघ. पाय असे. चिकटून. त्याची छाती इथं, नडगीवर येऊ दे. तोंड तुझ्या पावलांकडं, एका बाजूला वळलेलं. डावा हात काखेखालून घाल, बोटांनी दंड धर. हं. पाणी बघितलंस का?"

"गरम आहे."

"कोपरानं बघ."

"बघितलं. ठीक आहे."

"मग आधी पाठीवर. डोक्यावर नाही लगेच."

तांब्यातलं पाणी पडलं आणि बाळ किंचाळलं. एवढा मोठा आवाज त्याच्यात कुठून आला कोण जाणे. औषधघरातल्या दोन खाटांवरच्या बायका उठून बसल्या.

"रडतोय, आई."

"रडू दे. अंघोळीला सगळीच रडतात. तू हात सोडू नकोस."

अन्वितानं हात सोडला नाही. बाळ रडत होतं, पाणी पडत होतं, आणि इकडं वैजयंती रडणं थांबेपर्यंत टॉवेलची गुंडाळी, बाळाचा दंड असता तिथं, घट्ट धरून बसली होती.